कापूस सापडतो, गाव सापडत नाही

जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांच्या डिजिटल संग्रहात अमरावती शोधायला बसणाऱ्याने आधी आजचे स्पेलिंग विसरावे. एकोणिसाव्या शतकातल्या वार्ताहराच्या कानाला हे नाव कधी 'ऊम्रावटी' वाटले, कधी 'उमरावती'. सरकारी कागदांत पुढे 'अम्राओटी' रुळले. पहिल्या रूपाच्या रोमन लेखनात सुरुवातीला दोन 'ओ', मध्ये दोन 'टी' आणि शेवटी दोन 'ई' येतात. हे ठाऊक नसेल तर यंत्र निमूटपणे शून्य निकाल दाखवते. आजचे स्पेलिंग टाकावे, तर आंध्रातली स्तूपाची अमरावती मध्ये घुसते. अकोल्याला शेवटी एक जास्तीचा 'एच' लागतो, अचलपूरला 'एलिचपूर' म्हणावे लागते आणि यवतमाळसाठी 'वुन' जिल्हा धुंडाळावा लागतो.

एवढे केल्यावर मात्र पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा कापसाचा. 'ऊम्रावटी'चे आखूड रूप 'ऊम्रा'. मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या बाजारात धोलेरा, भडोच, हिंगणघाट यांच्या रांगेत ऊम्रा हे वऱ्हाडी कापसाच्या जातीचे नाव होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. त्या वर्षांत जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे वऱ्हाडातून पुढे सरकत होती. १८६७ मध्ये ती नागपूरला पोचली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने खामगावचा फाटा खुला केला. त्याच वर्षी समुद्राखालच्या तारेने मुंबई थेट इंग्लंडशी जोडली गेली आणि भावाची बातमी काही तासांत पोचू लागली. म्हणून जगभरच्या वर्तमानपत्रांत वऱ्हाड आहे, पण बाजारभावाच्या रकान्यात. त्या रकान्यात खंडीचा भाव आहे, गाठींची आवक आहे, पावसाचा अंदाज आहे. सरकी पेरणारा आणि बोंडे वेचणारी त्यात नाहीत.

हे संग्रह काय आहेत, ते थोडक्यात सांगतो. 'टाइम्स ऑफ इंडिया'चे १८३८ पासूनचे अंक 'प्रोक्वेस्ट' या कंपनीच्या संग्रहात शब्दवार शोधता येतात. त्यासाठी विद्यापीठाची वर्गणी लागते. 'ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह' २०११ पासून चालू आहे आणि तोही पैसे घेतो. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा 'ट्रोव्ह' आणि न्यूझीलंडचा 'पेपर्स पास्ट' मात्र सगळ्यांना फुकट. वऱ्हाडचा अभ्यास मेलबर्नच्या वर्तमानपत्रांतून करायचा, हे ऐकायला विचित्र वाटते. पण रॉयटरची तार जिथे जिथे गेली, तिथे तिथे आपला दुष्काळ दोन-चार ओळींत छापला गेला. 'ट्रोव्ह'मध्ये यंत्राने चुकीचा वाचलेला मजकूर सामान्य वाचक स्वतःहून दुरुस्त करतात. ज्यांनी मेळघाटाचे नावही ऐकले नसेल अशा माणसांनी आपल्याकडच्या बातम्यांतली अक्षरे सुधारून ठेवली असतील, तर त्यांचे आभार मानायलाच हवेत.

इथे एक सापळा आहे. १८९९-१९०० चा दुष्काळ घ्या. तीच तार वीस पत्रांत छापली गेली, तर सर्चमध्ये वीस नोंदी येतात, आणि नवखा अभ्यासक लिहून मोकळा होतो की जगाने वऱ्हाडच्या दुष्काळाची मोठी दखल घेतली. वीस नोंदी म्हणजे वीस साक्षी नव्हेत. साक्ष एकच, तिच्या प्रती वीस. खरे मोजमाप दुसरीकडे आहे. १८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती, ती १९०१ मध्ये सुमारे २७ लाख ५४ हजारांवर आली. वाढायला हवी होती ती लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास घटली. हा आकडा शेजारी ठेवला की त्या चार ओळींच्या तारेची किंमत कळते.

आता आपली स्वतःची वर्तमानपत्रे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अकोल्याहून 'वऱ्हाड समाचार' आणि 'वैदर्भ' निघत, अमरावतीहून 'प्रमोदसिंधु'. विसाव्या शतकात अमरावतीला ना. रा. बामणगावकरांचा 'उदय' होता, डॉ. पंजाबराव देशमुखांनी शेतकरी संघाच्या कामासाठी चालवलेला 'महाराष्ट्र केसरी' होता आणि अकोल्याला ब्रिजलाल बियाणींची 'मातृभूमि'. रा. के. लेले यांच्या वृत्तपत्रांच्या इतिहासात आणि शं. ग. दाते प्रभृतींनी केलेल्या मराठी नियतकालिकांच्या सूचीत अशी नावे भेटतात. नाव सापडले म्हणून अंक सापडतोच असे नाही. जगभरचे संग्रह उघडून बसलो तरी या पत्रांचा मजकूर शब्द टाकून शोधता येईल अशी सोय नाही.

याचे एक कारण कायद्यात आहे. १८६७ च्या छापखाना-नोंदणी कायद्याने पुस्तकांच्या प्रती सरकारकडे जाऊ लागल्या, त्यांच्या त्रैमासिक याद्या निघू लागल्या. म्हणून त्या काळचे फुटकळ आख्यानसुद्धा लंडनच्या ग्रंथालयात मिळू शकते. देशातल्या मोठ्या ग्रंथालयांकडे वर्तमानपत्रांचे अंक पाठवण्याचे बंधन मात्र १९५४ च्या कायद्यात १९५६ ची दुरुस्ती झाली तेव्हा आले. तोवर अकोल्याच्या साप्ताहिकाचा अंक टिकला तो कुणा वकिलाच्या माळ्यावर, वाचनालयाच्या कपाटात किंवा संपादकाच्या नातवाच्या घरी. त्यात १८७० नंतर लाकडाच्या लगद्याचा कागद आला. तो आपल्या अंगच्या आम्लानेच पिवळा पडतो, आणि वऱ्हाडच्या मे महिन्यात घडीवर पापडासारखा मोडतो.

अंक नसले तर त्यांतल्या मजकुरापर्यंत पोचण्याचा दुसरा मार्ग सरकारी हेरगिरीचा, आणि अभ्यासकाला तो फार उपयोगी पडतो. देशी पत्रांत काय छापून येते हे साहेबाला कळावे म्हणून प्रांतोप्रांतीचे भाषांतरकार दर आठवड्याला इंग्रजी गोषवारे काढत आणि ते गोपनीय अहवाल म्हणून छापले जात. मूळ अंक नष्ट झाला, गोषवारा उरला, असे अनेक पत्रांचे झाले आहे. अशा अहवालांचे बरेच खंड 'साउथ एशिया ओपन आर्काइव्ह्ज'वर आज विनामूल्य वाचता येतात. पण भाषांतरकाराने काय उचलले? सरकारवरची टीका, सारा, जंगलखाते, धार्मिक तंटा. जत्रा, नाटकमंडळीचा मुक्काम, हरवलेल्या बैलाची जाहिरात, नगरपालिकेच्या नळाचे भांडण हे त्याने गाळले. केवळ या अहवालांवर प्रबंध उभारला तर सगळे वऱ्हाड रात्रंदिवस राजद्रोहाच्या विचारात होते असे चित्र उमटते. माझ्या मते आपल्याकडच्या वृत्तपत्रविषयक लेखनाला ही सवय थोडी जास्तच लागली आहे.

शिवाय वऱ्हाड कोणाच्या दप्तरात शोधायचे, हाही प्रश्नच. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिले आणि ते हैदराबादच्या रेसिडेंटाकडे गेले. कागदांवर नाव 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स'. १९०२ मध्ये कायमचा पट्टा झाला आणि १९०३ मध्ये कारभार मध्य प्रांतात, नागपूरकडे आला. म्हणजे आमचा आजा बैलगाडीने अमरावतीहून अकोल्याला गेला, तेवढ्यात त्याचे कागद हैदराबादेतून नागपूरला निघालेले! १९०५ मध्ये सहा जिल्ह्यांचे चार झाले: एलिचपूर अमरावतीत मिसळला, वाशीम अकोला आणि यवतमाळात वाटला गेला. 'अकोला जिल्हा' असे टाकून १९०० आणि १९१० च्या नोंदींची तुलना करणारा माणूस दोन वेगळ्या भूभागांची तुलना करत असतो.

आता एक प्रसंग घेऊ, ज्यात डिजिटल प्रत खरोखर हाती लागते. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीला वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि विषय अंबादेवीच्या मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह. आदल्याच दिवशी मुंबईत त्यांचे थोरले बंधू बाळाराम वारले होते आणि ती बातमी परिषदेच्या वेळी त्यांच्यापर्यंत पोचली. सहा आठवड्यांनी महाडला मनुस्मृती जाळली गेली. म्हणजे अमरावतीची परिषद महाडच्या दोन टप्प्यांच्या, आधीच्या तळ्याच्या सत्याग्रहाच्या आणि या दहनाच्या, मध्ये येते. या प्रकरणासाठी बाबासाहेबांचे पाक्षिक 'बहिष्कृत भारत' हे पहिले साधन. महाराष्ट्र शासनाच्या चरित्र साधने प्रकाशन समितीने 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत'चे अंक १९९० मध्ये एकत्र छापले, त्या ग्रंथाची पीडीएफ आज कुणालाही मिळते. शासनाने छापले, पुढे ते स्कॅन झाले, आणि आज तेल्हाऱ्यातला विद्यार्थी फोनवर वाचू शकतो. हा मार्ग खर्चिक नाही, चमत्कारिक नाही, आणि चाललेला आहे.

तरीही 'बहिष्कृत भारत' मुंबईचे. ते चळवळीच्या बाजूने बोलते, आणि बोलायलाच हवे होते. त्या पंधरवड्यात अमरावतीची स्थानिक पत्रे काय म्हणत होती, मंदिराच्या पंचांची बाजू कोणी छापली, गावातला वाचक पत्रव्यवहारात काय लिहीत होता, हे पाहिल्याशिवाय त्या परिषदेचा अभ्यास एका पायावर उभा राहतो. १८९७ च्या डिसेंबरात अमरावतीला भरलेल्या काँग्रेसचेही तसेच. अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे, आणि टिळक तेव्हा राजद्रोहाच्या शिक्षेत तुरुंगात. मुंबईच्या आणि लंडनच्या पत्रांत अध्यक्षांचे भाषण भरभरून मिळते. मंडपाला जागा, पाणी, प्लेगच्या दिवसांतली पाहुण्यांची सोय हे गावाच्या पत्राखेरीज कोण छापणार? खापर्ड्यांच्या दैनंदिन्या दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत हे नशीब. वर्तमानपत्राची तारीख आणि दैनंदिनीचे पान शेजारी ठेवून वाचणे हा या कामातला सर्वांत मोठा आनंद आहे.

समजा उद्या 'प्रमोदसिंधु'ची एखादी फाइल मिळाली आणि स्कॅनही झाली. मग मराठीची स्वतःची दुखणी सुरू होतात. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीचा छापील मजकूर 'कांहीं', 'येथें', 'त्यांत' असा आहे. 'काही' टाकून शोधणाऱ्याला 'कांहीं' भेटत नाही. जुने खिळे झिजलेले, मात्रा पुसट; यंत्र अनुस्वार खाते आणि शाईच्या डागाला अनुस्वार समजते. अंकावर शके १८१९ असते, त्यात ७८ मिळवून इसवी सन काढावा आणि वर्ष चैत्रात पालटते हे विसरू नये. सर्वांत वाईट गोष्ट आमच्या प्रांताच्या नावाची. 'वऱ्हाड' संगणकावर दोन तऱ्हांनी टाइप होते: एकात साध्या 'र'ला अदृश्य जोडचिन्ह देऊन, दुसऱ्यात खाली टिंब असलेल्या स्वतंत्र 'ऱ'पासून. डोळ्याला दोन्ही सारखी, यंत्राला निराळी. ज्या सूचीत ही काळजी घेतलेली नाही, तिथे वऱ्हाड दोनदा शोधावे लागते, आणि कुणी 'वर्हाड' असे टंकले असेल तर तिसऱ्यांदाही.

कॅनडातले इतिहासकार इयन मिलिगन यांनी २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. टोरंटोची दोन मोठी पत्रे डिजिटल झाल्यावर इतिहासाच्या प्रबंधांत त्यांचे उल्लेख भराभर वाढले आणि डिजिटल न झालेली पत्रे मागे पडली, असे त्यांना दिसले. संशोधकांचे विषय बदलले नव्हते, सोय बदलली होती. आपल्याकडे हे जास्त टोकदार आहे, कारण डिजिटल झालेले पत्र इंग्रजी आणि मुंबईचे, न झालेले मराठी आणि अकोल्याचे. अमरावती विद्यापीठात प्रबंध लिहिणाऱ्याने 'टाइम्स' जरूर वाचावा, पण त्यात वऱ्हाड पाहुण्यासारखे येते हे लक्षात ठेवावे. संदर्भ देतानाही खरे सांगावे: अंक हातात घेऊन वाचला की पडद्यावर, पूर्ण पान पाहिले की शोधलेल्या शब्दाभोवतीचा चौकोन. पूर्ण पानाला मी आग्रहाने महत्त्व देतो. दुष्काळाच्या बातमीशेजारी सोन्याच्या दागिन्यांची जाहिरात असेल, तर ती जाहिरातही पुरावा आहे.

डिजिटल प्रत म्हणजे अमरपट्टाही नव्हे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिच्या सूची व डिजिटल संग्रह महिनोनमहिने बंद पडले. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'इंटरनेट आर्काइव्ह'वर तशीच पाळी आली. म्हणून एकच प्रत एकाच ठिकाणी ठेवू नये. कायद्याची भीती बहुधा अवास्तव असते: निनावी मजकुराचा स्वामित्वहक्क प्रसिद्धीपासून ६० वर्षांनी संपतो, आणि जुन्या साप्ताहिकांतला बहुतेक मजकूर निनावीच आहे. नाव घालून लिहिलेल्या लेखांना लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षे धरावीत.

ज्यांच्या घरी जुनी फाइल असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. ती उन्हात घालू नये. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. तिचा डिंक पुढे अक्षरे घेऊन जातो. बांधणी उसवण्याचा मोह टाळावा. शिवणीकडच्या ओळी दिसत नसतील तर फाइल अर्धीच उघडून, खाली मऊ कापडाची घडी देऊन, तिरक्या उजेडात फोटो घ्यावा. फोनने काढायचे असले तरी पहिला फोटो शीर्षपट्टीचा असावा, ज्यात पत्राचे नाव, गाव, अंक क्रमांक आणि तारीख वाचता येईल. मग पाने क्रमाने, कोरी आणि जाहिरातींची धरून, एकही न गाळता.