पाठवू की नको?

परवा रात्री माझ्या भाचीचे फोटो आले. भाऊ पुण्यात असतो, तिची शाळा मुलांना घेऊन फ्रान्सला गेली होती. कार्कासोन नावाचं गाव. गावाभोवती दुहेरी तटबंदी, तीन किलोमीटरची, बावन्न बुरूज. भिंतीवर टेकून तिचा हसरा फोटो, खाली लिहिलेलं, ‘आत्या, किल्ल्याच्या आत अख्खं गाव!’

मी तिला उत्तर पाठवलं, ‘बाई गं, आमच्या शेजारी अकरा किलोमीटरची भिंत आहे. आतलं गाव अजून नांदतंय.’

तिला खरं वाटलं नाही. तिचं काय चुकलं म्हणा! वणी भागातल्या आपल्यापैकी कितीजणींनी चंद्रपूरचा परकोट ‘बघायचा’ म्हणून बघितलाय? आपण तिकडे जातो ते दवाखान्यात, लग्नाच्या खरेदीला, नाहीतर चैत्रात महाकालीच्या यात्रेला. जटपुरा गेटमधून ऑटो जातो, आपण पिशवी सांभाळत बसतो. वर मान करून कोण पाहतंय?

मीही पाहिलं नव्हतं. शाळेत बावीस वर्षं शिकवतेय, तरीही! मागच्या वर्षी आठवी-नववीच्या मुलींची सहल कुठे न्यायची यावर स्टाफरूममध्ये नेहमीसारखा खल झाला. रायगड लांब, मुक्काम करावा लागतो, खर्च परवडत नाही. चिखलदरा झालेला. म्हटलं, चंद्रपूरला नेऊ. सकाळी जाऊन रात्री परत. एसटीची सवलत मिळते, माणशी साडेतीनशेत बसतं. सगळे म्हणाले, तिथं काय आहे? मी म्हटलं, तेच पाहू.

आणि मग सुरू झालं संमतीपत्रांचं! मुरूडच्या समुद्रात २०१६ साली सहलीची मुलं बुडाली, तेव्हापासून पालकांची सही हा मोठा विषय झालाय. व्हायलाच हवा. पण मुलांची पत्रं दुसऱ्या दिवशी येतात, मुलींची येत नाहीत, हे काही त्या अपघातामुळे नाही. ते आधीपासूनच आहे. ‘मोठी झाली आता’, ‘परत यायला रात्र होईल’, ‘तिचे बाबा नको म्हणतात.’ एका मुलीनं तर कोरं पत्र परत आणलं. वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी मुलगी. म्हणाली, “मॅडम, मले नाही यायचं.” डोळे मात्र वेगळंच सांगत होते.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. घर गोंडांचं, दोन खोल्यांचं. आई नुकतीच कापूस वेचून आलेली, हाताला बोंडांचे ओरखडे. डिसेंबर म्हणजे वेचणीचा भर. तिनं सरळ हिशोब मांडला, “मॅडम, सुट्टीच्या दिवशी थे माह्यासंगं येते. किलोमागं आठ-दहा रुपये भेटते. तुमचे साडेतीनशे बी गेले अन् तिची मजुरी बी गेली. अन् भिंती पाहून काय करन?”

मला उत्तर सुचेना, खरं सांगते. पैशाचं मी काहीतरी करीन म्हटलं, तर तिचा चेहरा आणखी ओढला. उगाच बोलले असं वाटलं.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या बाजेवरून आजी म्हणाली, “चांद्याले चालली काय पोरगी? जाऊ दे न वं तिले. आपल्या राजाचं गाव हाय थे. मी तं पायी गेली होती महाकालीले.”

सही झाली. सासूच्या शब्दाखातर झाली की मनानं, ते तेव्हा कळलं नाही. पैसे मात्र तिनं पूर्ण दिले, दोन हप्त्यांत.

लालपरी घुग्गुसमार्गे निघाली. वर्धा ओलांडली की आपला जिल्हा मागे राहतो. कोळशाच्या ट्रकांमुळे खिडक्या बंद, आत अंताक्षरी. बगड खिडकीपाशी उतरलो तेव्हा सगळ्यांच्या नाकावर काळी बोटं उमटली होती. ‘खिडकी’ म्हणजे परकोटातलं छोटं दार. मोठे दरवाजे चार: जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर. खिडक्या पाच: हनुमान, विठोबा, बगड, मसण, चोर. मसण खिडकीनं प्रेत न्यायचं. ‘चोर’ नाव ऐकून मुली जाम खूश!

भिंत पंधरा-वीस फूट उंच. कित्येक वर्षं तिच्यावर झाडंझुडपं माजली होती. २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी हातात कुऱ्हाडी-विळे घेऊन ती साफ केली, म्हणून आज वरून चालता येतं. गंमत म्हणजे भाचीच्या त्या कार्कासोनची भिंतही १८४९च्या सुमारास सरकार पाडायलाच निघालं होतं. गावकऱ्यांनी ओरड केली म्हणून वाचली.

हे गाव वसवण्याची गोष्ट आमच्या वाटाड्यानं सांगितली. बल्लारपूरचा खांडक्या बल्लाळशहा. अंगावर गाठी, कशानं बऱ्या होईनात. शिकारीला गेला असता तहान लागली, झरपट नदीच्या कोरड्या पात्रात एका खळग्यात पाणी सापडलं. तोंड धुतलं आणि रात्री शांत झोप लागली. सकाळी राणीनं पाहिलं तर गाठी नाहीशा! मग तिथंच आणखी एकदा, एक ससा चक्क कुत्र्याच्या मागे लागलेला दिसला. राजा बुचकळ्यात पडला. राणी म्हणाली, हा शकुन आहे, ससा जिथून पळाला त्या वाटेवर कोट बांधा. दंतकथाच ही. पण वाटाड्या पुढे सरकला तरी आमची ती मुलगी तिथंच उभी. “मॅडम, म्हणजे गाव राणीनं ठरोलं?”

कार्कासोनलाही अशीच एक कथा आहे, भाचीनंच कळवली. वेढा पडलेला, धान्य संपत आलेलं. तिथल्या बाईनं उरलेले गहू डुकराला चारले आणि डुक्कर तटावरून खाली फेकलं. शत्रूला वाटलं, आत भरपूर आहे, आणि वेढा उठला. घरात पीठ संपलेलं असताना पाहुण्यांसमोर आपण करतो तेच की हे!

दंतकथा बाजूला ठेवली तरी राणी हिराई खरी आहे. राजा बीरशहा १७०४च्या सुमारास मारला गेला. मुलगा नव्हता. हिराईनं चंदनखेड्याच्या घराण्यातला रामशहा दत्तक घेतला, तो मोठा होईपर्यंत राज्य स्वतः चालवलं. महाकालीचं मोठं मंदिर तिनं बांधलं. अंचलेश्वराजवळ नवऱ्याची दगडी समाधी उभारली. नवऱ्यानं बायकोसाठी बांधलेला ताजमहाल जगाला माहीत. हे उलट टोक दोन तासांवर, आणि आपल्याला पत्ता नाही.

राजवाडा मात्र आतून पाहता येत नाही. तिथं तुरुंग आहे. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या बाबूराव शेडमाके यांना याच तुरुंगात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी फाशी दिलं. मुली भिंतीबाहेर गप्प उभ्या राहिल्या, कुणी सांगितलं नव्हतं.

लालपेठेतल्या दगडी मूर्ती पाहायच्या होत्या. एका रायप्पा नावाच्या वाण्यानं देऊळ बांधायला घेतलं आणि ते राहून गेलं. पंचवीस फुटांची दशमुखी दुर्गा उघड्यावर आडवी पडलेली आहे. दहा तोंडं पाहून लोक तिला रावण म्हणत! तिथं जायच्या आतच एक मुलगी रडकुंडीला येऊन कानात पुटपुटली, “मॅडम, मले आत्ताच...” पहिल्यांदाच. जवळच्या स्वच्छतागृहाला कुलूप. मी पिशवीत सगळं आणलं होतं, पण जायचं कुठे? परकोटाला लागून घरं आहेत. एका दाराशी तांदूळ निवडत बसलेल्या बाईला सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं, काही न विचारता मुलीला आत घेतलं, गरम पाणी दिलं, निघताना गूळ-शेंगदाणेही. सहलीच्या पत्रकात ‘टोपी, पाण्याची बाटली’ लिहितो आम्ही. हे का लिहीत नाही? यंदा लिहिलं.

शेवटी जटपुरा दरवाजा. वर दगडात कोरलेलं गोंड राजांचं चिन्ह: सिंह हत्तीवर चढलेला. वाहनं जात होती, हॉर्न वाजत होते. आमची ती मुलगी मान वर करून इतका वेळ पाहत राहिली की मी तिला हाताला धरून बाजूला ओढलं. म्हणाली, “आजी सांगते थो हत्ती हाच. मले वाटे, थे असंच सांगते.”

रात्री साडेनऊला गाडी परत आली. पालक स्टँडवर उभे. तिची आई थोडी लांब, डोक्यावर पदर घेऊन. मुलगी धावत गेली आणि हातवारे करत सुरू झाली. कोट, खिडक्या, राणी, हत्ती. आई काही बोलली नाही.

चैत्रात ती शाळेत आली. आजीला घेऊन महाकालीला जाऊन आली होती, एसटीच्या अर्ध्या तिकिटात. पोरगीही सोबत होती म्हणे, तिनंच सगळं दाखवलं. दारात उभ्या उभ्या म्हणाली, “पाह्यला जी हत्ती. इतक्या खेपा त्याच्या खालून गेली मी.” मग जरा घुटमळून, “मॅडम, यंदा सहल कुठं हाय? मायबायले नेत असान तं सांगा.”

यंदा माहूरगड ठरतोय. बेचाळीस मुली आणि आतापर्यंत अकरा आया. दुसरी गाडी सांगावी लागणार असं दिसतंय.