रिकामें यंत्र व ताऱ्यांचें गणित

संगणक हा शब्द आज आपण यंत्रास लावतों. परंतु संस्कृतांत गणक म्हणजे गणित करणारा मनुष्य, आणि विशेषेंकरून ज्योतिषी. इंग्रजींतही 'कंप्यूटर' ही शंभर वर्षांपूर्वीं माणसाचीच पदवी होती. व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) हे आपल्याकडील अशा गणकांपैकीं एक. पेशा शाळामास्तरांचा, त्यांतून वेळ काढून त्यांनीं ग्रहगणिताचा व्यासंग केला व 'ज्योतिर्गणितम्' हा ग्रंथ सिद्ध केला. असा मोकळा वेळ आज माणसांपाशीं थोडा आणि यंत्रांपाशीं फार आहे. त्याचा उपयोग कसा होतो हें वाचकांस सांगण्याचा येथें हेतु आहे.

आमच्या भाईंदर पश्चिमेस घरीं बसून इमारतींचे नकाशे व त्रिमिति चित्रें काढणारे तरुण आढळतात. त्यांच्या संगणकांत 'वर्कस्टेशन' जातीचें ग्राफिक्स कार्ड असतें. शेजारच्या एका तरुणानें आपलें यंत्र प्रस्तुत लेखकास उघडून दाखविलें, तेव्हां एवढ्याशा पाटीची किंमत ऐकून आश्चर्य वाटलें. आणि रात्रभर तें स्वस्थ बसून असतें हें ऐकून हळहळही वाटली.

चित्र म्हणजे लक्षावधि ठिपके, व प्रत्येक ठिपक्याचें गणित बहुतेक सारखेंच. म्हणून ग्राफिक्स कार्डांत लहान लहान गणकांची मोठी पलटण असते. 'क्वाड्रो पी २०००' या २०१७ सालच्या कार्डांत ती १०२४ आहे. हजार मुलांचा वर्ग एकदम पाढे म्हणतो तसाच हा प्रकार. जें गणित असें वांटून देतां येतें, तें येथें झपाट्यानें होतें.

परक्यांच्या यंत्रांस गणित वांटून देण्याची कल्पना १९९९ सालीं कॅलिफोर्नियांतील बर्कली विद्यापीठाच्या 'सेटी ॲट होम' या उपक्रमानें सर्वतोमुखीं केली. परग्रहावरील बुद्धिमान प्राण्यांचे संदेश शोधण्याचा तो प्रयत्न होता. २०२० च्या मार्चअखेर त्यानें काम वांटणें थांबविलें. मात्र तेथेंच तयार झालेली 'बॉइंक' ही व्यवस्था चालू राहिली. २००५ सालीं निघालेला 'आइन्स्टाइन ॲट होम' हा उपक्रम तिच्यावरच चालतो. ऑगस्ट २०१० मध्यें त्यानें एक स्पंदतारा प्रसिद्ध केला. तो सेकंदास सुमारें ४१ वेळां स्वतःभोंवतीं फिरतो. आरेसिबो येथील दुर्बिणीच्या नोंदींतून तो निवडला गेला तो अमेरिकेंतील एका दांपत्याच्या व जर्मनींतील एका गृहस्थाच्या घरच्या यंत्रांवर! पुढें २०२० सालीं स्वयंसेवकांच्या ग्राफिक्स कार्डांनीं फर्मी उपग्रहाच्या नोंदींतून दुसरा एक तारा शोधला. हा सेकंदास पांचशेंहून अधिक फेरे घेतो आणि त्याचा सोबती ७५ मिनिटांत त्यास प्रदक्षिणा घालतो.

आतां व्यावसायिक कार्डाचा विशेष काय? पुष्कळांची समजूत अशी कीं महाग तें वेगवान. ती खरी नव्हे. खेळांकरितां विकलें जाणारें कार्ड व हें कार्ड यांतील मुख्य चिप अनेकदां एकच असते. वर्कस्टेशन कार्डाचा वेग उलट थोडा कमीच ठेवलेला असतो. पैसे जातात ते दीर्घकाळ टिकावें या दक्षतेचे, अधिक स्मृतीचे, आणि नकाशांच्या प्रणालींशीं पटवून घेण्याचे. वरच्या दर्जाच्या कार्डांत स्मृतींतील चूक आपोआप दुरुस्त होण्याची सोय असते. स्वयंसेवी गणितास मात्र तीवांचून अडत नाहीं. तेथें तेंच गणित बहुधा दोन निरनिराळ्या घरीं पाठवून उत्तरें ताडून पाहतात. दूर बसविलेल्या दोन विद्यार्थ्यांचें उत्तर एक आलें, तर मास्तरानेंही तें बरोबर धरावें.

खरा भेद पडतो तो अचूकतेंत. साधें गणित सुमारें सात अंकांपर्यंत नेमकें असतें. दुहेरी अचूकतेचें पंधरा-सोळा अंकांपर्यंत. कांहीं शास्त्रीय कामांस दुसरेंच लागतें. पी २००० हें कार्ड दुहेरी गणित साध्याच्या बत्तिसाव्या हिश्श्यानें करतें. २०१८ सालचें 'जीव्ही १००' निम्म्या वेगानें. नांव दोहोंचें 'क्वाड्रो'च! तेव्हां नांव पाहून भुलूं नये.

आतां घरधन्याचा प्रश्न: बिल कोण भरणार? पी २००० पूर्ण भारावर ७५ वॅट घेतें. रात्रीं आठ तास चालविल्यास महिन्यास १८ युनिट होतात. २५० वॅटच्या कार्डास ६० होतील, व बाकीच्या संगणकाची वीज निराळी. आपल्याकडे दर टप्प्याटप्प्यानें चढत असल्यामुळें हीं वाढीव युनिटें वरच्या दरानें पडतात. शेजारच्या तरुणाच्या मातोश्रींनीं हा हिशेब आम्हां दोघांच्याही आधीं केला होता! शिवाय खाडीकडची दमट, खारट हवा धातूस मानवत नाहीं; पंख्यांत धूळ सांठली कीं कार्ड तापतें. बॉइंकमध्यें ठराविक तासच काम घ्यावें अशी सोय आहे, ती अवश्य वापरावी. यंत्र कचेरीचें असेल तर मालकाच्या अनुमतीवांचून त्यास हात लावूं नये. आणि केवळ या कामासाठीं नवें कार्ड विकत घेणें प्रस्तुत लेखकास मुळींच पसंत नाहीं; घरांत आहे त्याचा रिकामा वेळ द्यावा, तोही बिल झेपेल तितकाच.

या शोधांत महाराष्ट्राचा संबंध दूरचा नाहीं. पुण्याच्या आयुका संस्थेंतील संजीव धुरंधर यांनीं गुरुत्वीय लहरी गोंगाटांतून निवडून काढण्याच्या गणितावर १९९० च्या सुमारासच काम आरंभिलें होतें. ती लहर प्रत्यक्ष सांपडली १४ सप्टेंबर २०१५ रोजीं, अमेरिकेंतील लायगो यंत्रांवर. तशीच चार किलोमीटर लांबीच्या भुजांची वेधशाळा हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथाजवळ उभारावयाची असून, एप्रिल २०२३ मध्यें केंद्र सरकारनें तिला सुमारें २,६०० कोटि रुपये मंजूर केले. फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यापासून अखंड निघणारी मंद लहर मात्र अद्याप कोणासही गवसलेली नाहीं. महिनोन्‌महिन्यांच्या नोंदी असंख्य कल्पित ताऱ्यांशीं ताडून पाहाव्या लागतात, म्हणून 'आइन्स्टाइन ॲट होम' तिच्या मागें आहे. शेजारच्या तरुणानें आपल्या मातोश्रींशीं ठरवून रात्रीं अकरा ते पहांटे पांच एवढा वेळ त्यास दिला आहे.