महारठ्याची लेक

3 ऑक्टोबर आला की भाषणांना ऊत येतो. 2024 साली याच दिवशी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. तेव्हापासून चिंचवड, भोसरी, चाकण, कुठल्याही कार्यक्रमाला जा, एक वाक्य हमखास कानावर पडतं: जुन्नरजवळच्या नाणेघाटाच्या लेण्यातल्या शिलालेखात 2,220 वर्षांपूर्वी 'महारठी' हा शब्द कोरलाय. अभिजात दर्जासाठी नेमलेल्या पठारे समितीच्या अहवालातला हा दाखला. टाळ्या होतात, शाल-श्रीफळ होतं. हा महारठी होता तरी कोण, हे मात्र कुणी विचारत नाही.

तो एका राणीचा बाप. त्रणकयिरो त्याचं नाव आणि नागनिका ही त्याची लेक, सातवाहन राजा पहिला सातकर्णी याची पट्टराणी.

'2,220' हा आकडा जरा जपूनच वापरावा. लेखावर साल कोरलेलं नाही. तो इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला की पहिल्या, यावर अभ्यासक अजून भांडतात. 'महारठी' ही पदवी आहे आणि तिथून थेट 'मराठी'वर उडी मारणंही सगळ्यांना मान्य नाही. लेणं खरं आहे, अक्षरं खरी आहेत, तेवढं पुरे की.

लेण्याच्या मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्याच्या मूर्ती होत्या. आता पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात, पण डोक्यावरची बरीचशी नावं शाबूत आहेत. आधी घराण्याचा मूळपुरुष सिमुक. त्यानंतर 'देवी नायनिका आणि राजा सिरी सातकनी', म्हणजे नागनिका आणि सातकर्णी, या क्रमाने! राणीचं नाव आधी, राजाचं नंतर. पुढे राजकुमारांच्या रांगेत त्रणकयिरो महारठीही उभा. सासरच्या घराण्याच्या चित्रात माहेरच्या बापाला जागा मिळाली, याचा अर्थ सातवाहनांना या सोयरिकीची गरज होती. आजच्या लग्नपत्रिकेवर मुलीच्या वडिलांचं नाव कितव्या ओळीत येतं, ते ज्याचं त्याने पाहावं.

डाव्या-उजव्या भिंतींवरचा मोठा लेख म्हणजे राजघराण्याची खतावणीच. एका यज्ञाला 1,700 गायी, 10 हत्ती आणि 17 चांदीच्या घागरी. दुसऱ्या एका यज्ञात 24,400 कार्षापण नाण्यांची दक्षिणा आणि जमलेल्या बघ्यांना, चाकरांना 6,001. वरचा तो एक रुपया आपण अजून आहेराच्या पाकिटात घालतो! हे आकडे कोरले गेले तेव्हा शून्य नव्हतं. दहा, शंभर, हजार यांना वेगळी चिन्हं होती. भारतात कोरलेल्या अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत नाणेघाटाचं नाव घेतात ते यामुळे. साइक्स हा इंग्रज अधिकारी 1828 मध्ये इथे पोचला, आणि 1883 मध्ये ब्यूलर या जर्मन पंडिताने लेखाचं वाचन छापलं.

नागनिका आपल्या अल्पवयीन मुलाच्या, वेदिसिरीच्या, वतीने राज्य पाहत होती, असा ब्यूलरचा तर्क. महिना-महिना उपास करणारी, घरात राहून तापसीसारखी वागणारी, असं तिचं वर्णन लेखात आहे. त्यामुळे ती विधवा असावी, असं बरेच जण धरून चालतात. यज्ञ तिने केले की राजाने, यावरचा वाद तर मिटायचाच नाही, कारण नेमक्या जागी दगड फुटलाय. मला विचाराल तर खर्चाचा हिशेब जिच्या नावाने कोरला जातो, तिजोरीची किल्ली तिच्याकडेच असते.

आणि जागा कुठली निवडली? देऊळ नाही, राजवाडा नाही. जुन्नरहून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरणाऱ्या व्यापारी वाटेचं तोंड. तिथल्या दगडी रांजणात जकात टाकत, असं प्रत्येक गाइड सांगतो. मोठ्या लेखात वाचता येतं त्यात यज्ञ आहेत, दक्षिणा आहे, जकात नाही. घाटात दान दिलेल्या पाण्याच्या पोढ्या, म्हणजे टाकी, मात्र आहेत: एक कामवनाच्या दामघोषाची, दुसरी सोपाऱ्याच्या गोविंददासाची. घाट चढून आलेल्या तांड्याला आधी पाणी लागतं, हे त्यांना कळत होतं. चाकणच्या कोंडीत तासन्‌तास अडकलेल्या कंटेनरवाल्यांसाठी आपण काय खोदलंय?

आता अशा राणीची आठवण ठेवायची कशी? इंग्लंडमधल्या टॅमवर्थने आपल्या एथेलफ्लेडचा, 918 साली तिथेच वारलेल्या मर्सियाच्या राज्यकर्तीचा, सहा मीटर उंच पुतळा 2018 मध्ये रेल्वे स्टेशनबाहेर उभारला. आपल्याला पुतळ्यांची कमतरता नाही, म्हणून तो मागत नाही. नारायणगाव, जुन्नर, घाटघर असा रस्ता आहे. पावसाळ्यात उलटा धबधबा बघायला जाता, तेव्हा पाच मिनिटं लेण्यात शिरा, मागच्या भिंतीवर सिमुकाशेजारचं नाव शोधा, आणि शेजारी स्वतःचं नाव कोरू नका.