गाडीचा दिवा पिवळा पडला तर

ऊसतोडीचे दिवस असतात. साखर कारखाना चालू असतो. अशा वेळी रात्री आठ-नऊ वाजता रस्त्याला लागा. पुढे काय चाललेलं असतं? उसाने भरलेल्या बैलगाड्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. पुष्कळांच्या मागे दिवा नसतो. चकाकणारी लाल पट्टीही नसते.

मागून एक वडापची जीप येते. आत दहा-बारा माणसं बसलेली आहेत. वेग ताशी ६० किलोमीटर. हा काही फार वेग नव्हे. पण या वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. ट्रॉली दिसायला एक सेकंद उशीर झाला, तर ब्रेकवर पाय पडण्याआधीच १७ मीटर रस्ता संपला! तीन बैलगाड्या एकामागे एक उभ्या राहतील, एवढा हा रस्ता.

ट्रॉली वेळेवर का दिसत नाही? ड्रायव्हरची नजर चांगली असते. बल्बही चांगला असतो. पण दिव्यावरचं झाकण पिवळं, धुरकट झालेलं असतं. उजेड आतच अडकतो. डोळ्याला मोतीबिंदू व्हावा, तसा हा प्रकार आहे.

अमेरिकेत ट्रिपल ए नावाची मोटारवाल्यांची मोठी संस्था आहे. तिने २०१८ साली असे दिवे तपासले. मोटारी सुमारे ११ वर्षं वापरलेल्या होत्या. नव्या दिव्याचा उजेड १०० धरला, तर या पिवळ्या दिव्यांचा उजेड भरला फक्त २०. म्हणजे रुपयातले २० पैसे! तेच दिवे घासून साफ केल्यावर उजेड सुमारे ७० पर्यंत परत आला.

पण दिवा पिवळा पडतो तरी का?

जुन्या जीपचे आणि ॲम्बॅसडर गाडीचे दिवे काचेचे असत. काच कधी पिवळी पडत नाही. पुढे प्लॅस्टिकची झाकणं आली. अमेरिकेत १९८३ साली त्यांना परवानगी मिळाली, मग ती हळूहळू सगळीकडे पसरली. या प्लॅस्टिकला पॉलिकार्बोनेट म्हणतात. ते हलकं असतं. खडा लागला तरी काचेसारखं फुटत नाही. हा त्याचा मोठा गुण. पण त्याला ऊन सोसत नाही. उन्हात डोळ्यांना न दिसणारे किरण असतात. त्यांना अतिनील किरण म्हणतात. या किरणांनी प्लॅस्टिक वरून पिवळं पडतं आणि खडबडीत होतं.

म्हणून कारखान्यात या झाकणावर एक पातळ, कडक थर चढवतात. तो थर ऊन अडवतो. काही वर्षांनी तो झिजतो, पापुद्रे धरतो. धूळ, वाळू, कोरड्या फडक्याने पुसणं, यांनी तो लवकर जातो. थर गेला की खालचं प्लॅस्टिक उघडं पडतं. मग पिवळेपणा भराभर वाढतो.

तुमच्या गाडीचा दिवा कसला आहे ते आधी पाहा. नखाने टिचकी मारा. खणखणीत वाजला तर काच. टकटक असा बसका आवाज आला तर प्लॅस्टिक. आता त्यावर पाणी शिंपडा. ओला असताना तो पुष्कळ स्वच्छ दिसला, तर दोष वरच्या बाजूला आहे. तो घरी काढता येतो. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब किंवा शेवाळ दिसलं, तर बाहेरून कितीही घासा, उपयोग नाही. प्लॅस्टिकला खोलवर बारीक चिरा पडल्या असतील, तरीही नाही. तो दिवा बदलायलाच हवा.

कंदिलाची काच आपल्या आयाबाया राखेने लख्ख करत. गाडीच्या दिव्याला मात्र राख लावू नका. काच कठीण असते, प्लॅस्टिक मऊ असतं. राखेतल्या खड्याने त्यावर ओरखडे उठतात. पेट्रोल आणि थिनरही नको. त्यांनी प्लॅस्टिकला तडे जातात. कोणी सांगतं, डास पळवायचं औषध फवारा, दिवा क्षणात चमकतो. चमकतो खरा! पण ते औषध प्लॅस्टिक वरून विरघळवतं, म्हणून तो चमकतो. थोड्याच दिवसांत दिवा पहिल्यापेक्षा वाईट होतो. दात घासायच्या पेस्टने एवढं नुकसान होत नाही. तिने वरचा मळ थोडा निघतो, पण काही आठवड्यांत दिवा पुन्हा धुरकट. तो तात्पुरता इलाज झाला.

खरा इलाज म्हणजे पॉलिश पेपर. रंगाच्या दुकानात मिळतो. पाण्यात वापरायचा कागद मागून घ्या. त्याच्या पाठीवर नंबर छापलेला असतो. तुम्हांला आता वाचता येतं, तेव्हा दुकानदाराच्या तोंडावर विसंबू नका. कागद उलटा करून नंबर स्वतः वाचा. नंबर लहान, तर कागद खरखरीत. नंबर मोठा, तर कागद मऊ. आपल्याला ६००, १००० आणि २००० असे तीन हवेत. भिंत घासायचा ८० नंबरचा कागद चुकून हाती आला, तर दिव्याचं वाटोळंच!

गाडी सावलीत घ्या. दिवा बंद असू द्या, गार असू द्या. साबणाच्या पाण्याने तो धुऊन काढा. वाळू राहता कामा नये. दिव्याच्या कडेने गाडीच्या रंगावर चिकट कागदी पट्टी लावा. नाहीतर घासताना रंगही निघेल.

६०० चा कागद दहा-पंधरा मिनिटं पाण्यात भिजवा. मग दिवा ओला करून हलक्या हाताने आडवा घासा. सारखं पाणी मारत राहा. कोरडं घासणं अगदी वर्ज्य. पहिल्यांदा पिवळट पाणी ओघळेल. तो सडलेला थर. तो सगळा निघाला की पाणी पांढरं येऊ लागतं. तोवर थांबू नका. इथे दिवा दुधासारखा पांढरा दिसतो. बरीच माणसं इथे घाबरतात आणि काम सोडून देतात. घाबरायचं कारण नाही, तो तसाच दिसायला हवा.

आता १००० चा कागद घ्या आणि उभा घासा. आधीचे आडवे ओरखडे त्यामुळे नजरेला दिसतात. ते सगळे गेले की हा कागद ठेवा. मग २००० चा कागद, पुन्हा आडवा. एका कागदाचे कण दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून दर वेळी पाणी बदला. दोन दिव्यांना दोन-तीन तास सहज लागतात. घाई केली की ओरखडे राहतात.

एवढ्यावर काम संपलं, असं समजू नका. जुना थर आपण काढून टाकला. आता प्लॅस्टिक उघडं आहे. तसंच ठेवलं तर काही महिन्यांत दिवा पुन्हा पिवळा. नवा थर चढवायलाच हवा. त्याच्या दोन रीती आहेत.

पहिली रीत टिकाऊ आहे. अतिनील किरण अडवणारा पारदर्शक रंग फवाऱ्याच्या डब्यात मिळतो. दुकानात 'यूव्हीवाला क्लिअर कोट' म्हणून मागा. तो प्लॅस्टिकवर चालतो का, ते डब्यावर पाहून घ्या. दिवा धुऊन पूर्ण वाळवा. मग त्याला बोट लावू नका, बोटाचं तेल लागलं की रंग धरत नाही. भोवती वर्तमानपत्र लावा. वारा नसेल तेव्हा उघड्यावर पातळ पातळ थर द्या. पहिला थर बसताच दुधाळ दिवा पारदर्शक होतो, ते पाहण्यासारखं असतं! काही डब्यांत रंग कडक करणारं वेगळं रसायन असतं. त्याची वाफ फुप्फुसाला घातक आहे. तोंडाला बांधलेल्या रुमालाने ती अडत नाही. तसला डबा घरी वापरू नका, ते काम रंगाऱ्याकडून करून घ्या.

दुसरी रीत सोपी आहे, पण कमी टिकते. २००० नंतर ३००० चा कागद फिरवा. मग रबिंग पॉलिश मऊ फडक्यावर घेऊन चमक येईपर्यंत चोळा आणि वर गाडीचं मेण लावा. दर दोन-तीन महिन्यांनी मेण पुन्हा लावावं लागतं. पहिली रीत करणार असाल, तर मात्र हे पॉलिश आणि मेण लावू नका. त्यांच्यावर रंग चिकटत नाही.

गाडी रोज उन्हात उभी राहत असेल, तर तिचं तोंड भिंतीकडे किंवा झाडाकडे करून लावा. थर वाळल्यावर रात्री भिंतीपुढे गाडी उभी करून दिवे लावून बघा. एका दिव्याचा झोत वर आणि दुसऱ्याचा खाली पडत असेल, तर गॅरेजवाल्याकडून दोन्ही सारखे करून घ्या. साफ झालेल्या दिव्याचा झोत वर चढलेला असला, तर तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.