मागून आणलेला दागिना मुलाकडून हरवला तर



पुरीमच्या दिवशी माझी नऊ वर्षांची मुलगी एस्तेर राणी झाली होती. तिच्या गळ्यात माझ्या नणंदेची पुतळ्यांची माळ होती. वन्संना ती अलिबागच्या त्यांच्या आजीकडून मिळालेली. वॉटर्लू स्ट्रीटवरच्या सिनेगॉगमधून टॅक्सीने घरी पोहोचलो, तेव्हा मुलीचा गळा रिकामा होता. त्यानंतर तीन आठवडे आमच्या दोन घरांत साधा फोनही झाला नाही. मी येथे पुष्कळ वर्षे वकिली केली आहे. पण त्या दिवसांत मला अशिलाच्या खुर्चीत बसणे कसे असते ते कळले.

प्रथम करावयाचे ते त्याच रात्री करावे. टॅक्सी कंपनीला कळवावे, पोलिसांकडे वस्तू हरवल्याची नोंद करावी. सापडलेली वस्तू अप्रामाणिकपणे स्वतःची करून घेणे हा येथे गुन्हा आहे. घरातील सामानाचा विमा असल्यास तोही काढून वाचावा. आम्ही हे सारे केले. माळ मिळाली नाही.

मग प्रश्न उरला जबाबदारीचा. नऊ वर्षांच्या मुलीकडून कायदा तिच्या वयाला शोभेल एवढ्याच काळजीची अपेक्षा करतो. शिवाय केवळ आईबाप असल्यामुळे मुलाच्या चुकीचा भार त्यांच्यावर आपोआप पडत नाही. हे ऐकून माझ्या पतींना क्षणभर हायसे वाटले. परंतु माळ मुलीने मागितली नव्हती. ती मी मागितली होती, आणि मीच तिच्या गळ्यात घातली होती.

परत देण्याच्या बोलीवर दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणे यास कायद्यात निक्षेप म्हणतात. लेखी करार नसला, भाडे घेतले नसले, तरी निक्षेप होतोच. या बाबतीत आपल्या शेजारच्या मलेशियातील एक खटला ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पोर्ट स्वेटनहॅम, म्हणजे आजचे पोर्ट क्लांग, येथील बंदर प्राधिकरणाच्या ताब्यातून सुपारीचा माल नाहीसा झाला. १९७८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ठरविले, की मोबदला घेतलेला असो वा नसो, आपण योग्य काळजी घेतली होती हे वस्तू सांभाळणाऱ्यानेच सिद्ध केले पाहिजे. धन्याने त्याची चूक दाखवावयाची नसते. तेव्हा मला उत्तर द्यावे लागले असते, की सोन्याची माळ नाचणाऱ्या मुलीच्या गळ्यात ठेवणे ही काळजी कशी? माझ्यापाशी उत्तर नव्हते.

आपले हलाखा याहून कडक आहे. मिशपातीम परशात सांभाळणाऱ्यांचे नियम येतात, आणि त्यांत वस्तू फुकट वापरायला मागून नेणाऱ्यावर सर्वांत जड भार आहे: अपघाताने गेली तरी त्याने भरून द्यावे. मुलांविषयी तर मिश्नात, बाबा मेत्सियाच्या तिसऱ्या अध्यायात, स्पष्टच म्हटले आहे, की ठेवायला दिलेले पैसे ज्याने आपल्या लहान मुलामुलीच्या हाती दिले, त्याने सांभाळणाऱ्यांच्या रीतीने सांभाळले नाही. तो देणे लागतो. उलट, मोठ्यांना न विचारता धन्याने स्वतःच लहान मुलाच्या हाती वस्तू दिली असेल, तर त्या मुलाकडून भरपाई मागता येत नाही.

एक सूट मात्र आहे. तोरा म्हणते, धनी बरोबर असेल तर भरपाई नाही. याचा अर्थ आपल्या आचार्यांनी असा लावला, की वस्तू देतेवेळी धनी मागणाऱ्याच्या कामात गुंतलेला असावा. आता पाहा: वन्संनी माळ दिली तेव्हा त्या माझ्याच घरी, माझ्याच शिवणयंत्रावर, एस्तेरचा झगा शिवत बसल्या होत्या! वकिलाच्या मनाला गुदगुल्या करणारा मुद्दा. तो मी तीन आठवडे मनात घोळवला, याची आज लाज वाटते.

प्रकरण वाढले असते तर कोठे गेले असते, तेही सांगते. लघुदावे न्यायाधिकरणात २०,००० डॉलरपर्यंतचे, आणि उभयपक्षांच्या संमतीने ३०,००० डॉलरपर्यंतचे दावे चालतात. तेथे वकील चालत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. मात्र तेथे ठरावीक प्रकारचेच दावे घेतात: खरेदीविक्री, सेवा, मालमत्तेचे नुकसान इत्यादी. घरगुती उसनवारी त्यांत बसते की नाही, हे आधी विचारून घ्यावे. एरवी ६०,००० डॉलरपर्यंत मॅजिस्ट्रेट कोर्ट आहे. न्यायालय सामान्यतः बाजारभाव देते. आजीच्या आठवणीची किंमत तेथे होत नाही. म्हणून आप्तांच्या बाबतीत मी कम्युनिटी मिडिएशन सेंटरकडे आधी जावयास सांगेन. तेथे कोणी निकाल देत नाही, दोघांना समोरासमोर बसवतात.

आम्हांला तेथवर जावे लागले नाही. वन्संच्या जुन्या फोटोवरून सोनाराने वजनाचा अंदाज काढला. त्या दिवसाच्या भावाने रक्कम ठरली, ती मी सहा हप्त्यांत दिली. शिवणयंत्राचा मुद्दा मी शेवटचा हप्ता दिल्यावर वन्संना सांगितला. त्या हसल्या, आणि म्हणाल्या, “मग झग्याची शिलाई द्यायची राहिली की!”