हजेरी कुणाची?

'गुन्हेगार' हा शब्द मराठीत फारसीतून आला. ज्यानं गुन्हा केला तो गुन्हेगार. म्हणजे कृत्य आधी, नाव नंतर. इंग्रज सरकारनं १८७१ साली 'गुन्हेगार जमाती कायदा' करून हा क्रम उलटा केला. नोंदलेल्या जमातींमधलं मूल झोळीत असतानाच गुन्हेगार ठरलं. १९११ साली हा कायदा मुंबई इलाख्यातही आला.

श्रोतेहो, आपल्या नगर जिल्ह्यात पालं ठोकून राहणारा फासेपारधी समाज या कायद्यात सापडला. फासे लावून तितर, लावे, हरणं धरणं हा त्यांचा पिढीजात धंदा. त्यांची नावं वहीत चढली, बोटांचे ठसे घेतले गेले. ठरल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवाना घ्यायचा. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड वसाहत होती.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' म्हणवल्या गेल्या. पण १९५९ साली मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. कागदावर तो जमातीला नव्हे, व्यक्तीला लागू होतो; जुना संशय मात्र नव्या नावाखाली टिकला. पुढं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं पारधही बंद झाली. हाताला धंदा नाही, नावावर जमीन नाही, आणि गावात चोरी झाली की पहिलं वाक्य ठरलेलं : "पालावर बघा." आमच्या पारनेर तालुक्यात हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे.

या संशयाचं गणित समजून घेऊ. जिथं झडती होते तिथंच नोंद होते, आणि नोंद आहे म्हणून पुन्हा तिथंच झडती होते. वही फुगत जाते आणि तीच पुरावा ठरते. खरा चोर दुसऱ्या वाटेनं निघून जातो. म्हणजे ज्याच्या घरी चोरी झाली, त्याच्यावरही हा अन्यायच.

याची किंमत जिवानं मोजावी लागते. १९९८ साली बारामतीत एक पारधी माणूस पोलिसांच्या ताब्यात मरण पावला. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत वडार समाजातला एक कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत गेला. त्या प्रकरणात गुन्हा नोंदवण्यासाठी जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. अमेरिकेत काळ्या माणसांच्या बाबतीत जो प्रश्न २०२० साली रस्त्यावर आला, तो आपल्याकडं पालाच्या दारात कधीपासून उभा आहे.

मग उपाय काय? माझ्या मते, हजेरी आता दुसऱ्या बाजूनं द्यायची आहे. १९९६ च्या डी. के. बसू निकालानं पोलिसांवर बंधनं घातली. छातीवर नावाची पट्टी, अटकेची वेळ लिहिलेला पंचनामा, नातेवाइकांना खबर, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. २००६ च्या प्रकाश सिंह निकालानं पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी वेगळं प्राधिकरण नेमायला सांगितलं. महाराष्ट्रानं २०१४ साली कायद्यात तशी तरतूद केली. २०२० साली प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावण्याचा आदेश झाला. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात, विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयानं बजावलं.

ही सारी नोंदीचीच साधनं आहेत. ती पोलिसांच्या विरोधात नाहीत. सरळ काम करणाऱ्या शिपायाला खोट्या आरोपापासून तीच वाचवतात. शिवाय ज्या तालुक्यातल्या राळेगणसिद्धीतून माहितीच्या अधिकारासाठी उपोषणं झाली, त्या तालुक्याला सरकारी वहीबद्दल विचारणं नवं नाही.

या नियमांत एक ओळ आपल्यासाठीही आहे. अटकेच्या कागदावर घरच्या माणसाची किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागते. पालावर घरचं माणूस भेदरलेलं असतं, आणि पालाला कुणी प्रतिष्ठित म्हणत नाही. तेव्हा गावातला मास्तर, सरपंच, दुकानदार यांपैकी कुणीतरी उठून तिथं जावं, वेळ बरोबर लिहिली आहे का ते वाचावं आणि मगच सही करावी. तिथं हजेरी आपली आहे.