दहावीनंतर आयटीआय केलं, तर इंजिनिअरिंगचं दार बंद होतं का?

नाही होत. पण कोणता ट्रेड घेता यावर बरंच ठरतं, आणि फॉर्म भरताना हे फारसं कुणी सांगत नाही.

कॉम्प्युटरमध्ये जायचंय म्हणून बरीच मुलं आयटीआयला 'कोपा' घेतात, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट. हा ट्रेड १ वर्षाचा. इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन हे २ वर्षांचे. २ वर्षांचं आयटीआय झालेल्यांना पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. दहावी आणि कोपा एवढंच असेल, तर डिप्लोमा पहिल्या वर्षापासून.

आता हिशोब करू. अकरावी-बारावी सायन्स, सीईटी, मग ४ वर्षं इंजिनिअरिंग: दहावीनंतर ६ वर्षं. ३ वर्षांचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात गेलात, तरी ६च. शिवाय तिथे सीईटी नाही, डिप्लोमाचे मार्क बघतात. २ वर्षं आयटीआय, २ डिप्लोमा, ३ इंजिनिअरिंग: ७ वर्षं. एकच वर्ष जास्त, आणि घरी पैशांची अडचण आली तर आयटीआय किंवा डिप्लोमा पूर्ण करून थांबता येतं. सर्टिफिकेट हातात असतं, नोकरी शोधता येते.

खरी अडचण गणिताची. थेट दुसऱ्या वर्षात बसलात की पहिल्या वर्षाचं गणित हुकतं, आणि पुढचे बरेच विषय त्यावरच उभे असतात. प्रवेशाआधीच्या सुट्टीत ते करून घ्या. (हो, सुट्टीत. नाइलाज आहे.)

कुठे थांबलात याने पगारात किती फरक पडतो? इस्रोचं उदाहरण घ्या. दहावी आणि आयटीआयवर टेक्निशियन-बी, सुरुवातीचं मूळ वेतन २१,७०० रुपये. फर्स्ट क्लास डिप्लोमावर टेक्निकल असिस्टंट, ४४,९०० रुपये. किमान ६५ टक्क्यांसह बीई किंवा बीटेक असेल तर सायंटिस्ट/इंजिनिअर, ५६,१०० रुपये. भत्ते वेगळे. म्हणजे मोठी उडी आयटीआय ते डिप्लोमा या टप्प्यात आहे.

सॉफ्टवेअर कंपन्यांचं गणित वेगळं. बऱ्याच ठिकाणी पहिल्याच चाळणीत डिग्री विचारतात, त्यामुळे नुसत्या कोपावर डेव्हलपरची नोकरी मिळणं अवघड. कोडिंगच करायचं पक्कं असेल, तर माझ्या मते कोपाऐवजी सरळ कॉम्प्युटरच्या डिप्लोमाचा फॉर्म भरा. सर्किट, मशीन, वायरिंगमध्ये हात घालायला आवडत असेल, तर २ वर्षांचा ट्रेड घ्यायला अजिबात कचरू नका.

प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत प्रत्येक ट्रेडसमोर कालावधी छापलेला असतो. पसंतीक्रम भरण्याआधी तो रकाना बघून घ्या.